क्रातोम : महसूल, औषध आणि विष यांच्या सीमेवरील एक पान

बुद्धाब्द २४८६, म्हणजे इसवी सन १९४३ मध्ये, महायुद्धाच्या ऐन धामधुमीत थायलंडच्या शासनाने एका झाडाविरुद्ध कायदा केला. ऑगस्ट महिन्यात अंमलात आलेल्या या कायद्यान्वये क्रातोम नावाच्या वृक्षाची लागवड निषिद्ध ठरली आणि असलेली झाडे तोडून टाकण्याचीही तरतूद झाली. एखाद्या मादक पदार्थाची विक्री रोखणारे कायदे त्या काळी अनेक देशांत होते. परंतु देशाच्या दक्षिण भागातील दलदलीच्या रानांत आपोआप उगवणाऱ्या, शेतकऱ्याच्या परसात पिढ्यान् पिढ्या उभ्या असलेल्या वृक्षालाच अपराधी ठरवण्याचा हा प्रकार विलक्षण म्हटला पाहिजे. त्याहूनही विलक्षण आहे ते या कायद्याचे कारण. क्रातोमपासून प्रजेच्या आरोग्यास काय अपाय होतो, याची कोणतीही पद्धतशीर चौकशी त्यापूर्वी थायलंडमध्ये झालेली नव्हती. त्या वर्षाच्या जानेवारीत थायी प्रतिनिधिसभेत जे प्रतिपादन झाले त्याचा आशय एवढाच होता की, अफूवरील कर चढे आहेत, क्रातोमवर कर नाही, म्हणून लोक अफू सोडून क्रातोमकडे वळत आहेत आणि सरकारी उत्पन्नास त्याची झळ दिसण्याइतकी लागत आहे.

हे प्रतिपादन समजण्यासाठी सयामच्या अफूविषयक अर्थकारणाकडे वळावे लागते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास, चौथ्या राम राजाच्या, म्हणजे मोंगकुटच्या कारकीर्दीत, अफूवरील बंदी उठवून तिच्या विक्रीचा मक्ता देण्याची पद्धत सुरू झाली. मक्तेदार बहुधा चिनी असत आणि गिऱ्हाईकही मुख्यतः चिनी मजूरच असे. पुढे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात मक्तेदारी मोडून सरकारने हा व्यापार स्वतःच्या हाती घेतला. या काळात राज्याच्या एकूण महसुलापैकी सहाव्या-पाचव्या हिश्शापर्यंतची रक्कम एकट्या अफूतून येत असे. सरकारी मक्त्यास लागणाऱ्या कच्च्या मालाचा मोठा भाग हिंदुस्थानातून जाई. १९२६ मध्ये हिंदुस्थान सरकारने वैद्यकीय कारणाव्यतिरिक्त होणारी अफूची निर्यात क्रमाक्रमाने कमी करून १९३५ च्या अखेरीस ती संपुष्टात आणण्याचे धोरण जाहीर केले. पुरवठा आटत गेला, किमती चढल्या, आणि महायुद्धाने उरलेली वाहतूकही विस्कळित केली. अशा वेळी ज्या पानास ना मक्ता, ना कर, ना दुकानाचा परवाना, त्या पानाकडे अफूबाजाने वळावे हे स्वाभाविकच होते. १९४३ चा कायदा हा अशा रीतीने अबकारी खात्याचा कायदा आहे, आरोग्यखात्याचा नव्हे. अफूचे सरकारी अड्डे थायलंडमध्ये त्यानंतरही सोळा वर्षे, १९५९ पर्यंत, चालू राहिले, ही गोष्ट या बाबतीत पुरेशी बोलकी आहे.

झाडाचा परिचय थोडक्यात असा. वनस्पतिशास्त्रात त्याला मित्रागायना स्पेसिओसा म्हणतात. कॉफी, सिंकोना व कदंब ज्या कुलात येतात त्याच रुबिएसी कुलातील हा उंच, सदाहरित वृक्ष होय. थायलंडचा दक्षिण भाग, मलाया, बोर्निओ, सुमात्रा, न्यू गिनी हा त्याचा मूळ प्रदेश. डच ईस्ट इंडीजमध्ये १८३० नंतरच्या दशकात वनस्पतिसंग्रह करणाऱ्या पीटर कोर्थाल्स यांनी मित्रागायना हे प्रजातिनाम दिले; फुलातील कुक्षीचा आकार बिशपच्या शिरोभूषणासारखा, म्हणजे मायटरसारखा, दिसतो हे त्या नावाचे कारण. आज रूढ असलेले संपूर्ण नाव १८९७ मध्ये हॅव्हिलंड यांनी निश्चित केले. ज्याला थायी लोक क्रातोम म्हणतात त्यालाच मलायात केतुम किंवा बियाक म्हणतात. थायी भाषेत याच उच्चाराच्या शब्दाचा अर्थ झोपडी असाही होतो. मात्र या योगायोगावर व्युत्पत्तीची इमारत उभारण्याचा मोह टाळलेला बरा.

महाराष्ट्राच्या रानात याच प्रजातीची एक जाती आढळते. मित्रागायना पार्विफोलिया, म्हणजे आपल्याकडील कळंब, हा क्रातोमचा सख्खा भाऊच म्हणावयास हरकत नाही. (कदंबासही अनेक ठिकाणी कळंबच म्हणतात, त्यामुळे जुन्या वनस्पतिकोशांतील उल्लेख वाचताना सावध राहावे लागते.) परंतु नात्यावरून गुणाचे अनुमान करणे येथे चुकीचे ठरेल. कळंबातील अल्कलॉइड मुख्यतः ऑक्सिंडोल वर्गातील आहेत आणि क्रातोमसारखा कैफ आणण्याची त्याची ख्याती नाही. वैद्यकीय इतिहासात एकाच प्रजातीतील झाडे परस्परांची प्रतिनिधी समजून वापरल्याने झालेले घोटाळे थोडे नाहीत.

क्रातोमच्या पानांविषयीचा युरोपीय लेखनातील आरंभीचा उल्लेख १८३६ मधील जेम्स लो यांचा समजला जातो. अफू विकत घेणे परवडत नसे तेव्हा मलायातील लोक ही पाने वापरीत, अशी ही नोंद आहे. म्हणजे पहिल्या नोंदीतच हे पान अफूच्या सावलीत उभे आहे, आणि पुढील शंभर वर्षे ते त्या सावलीतून बाहेर आले नाही. १८९७ मध्ये सिंगापूर येथील वनस्पति-उद्यानाचे संचालक हेन्री रिडली यांनी याच पानांचा उल्लेख अफूचे व्यसन सोडवणारे औषध म्हणून केला. अफूच्या अभावी घेतला जाणारा पर्याय आणि अफूपासून सोडवणारा उपाय या दोन गोष्टी वरकरणी भिन्न आहेत. पण सेवन करणाराच्या शरीरात त्या एकच असू शकतात. हा पेच एकोणिसाव्या शतकात कोणी उकलला नाही, आणि आजच्या वादाचे मूळही नेमके तेथेच आहे.

१९०७ मध्ये पेराकमधील लिओनार्ड रे यांनी पाने चघळणे, त्यांचा धूर घेणे व काढा पिणे अशा तिन्ही पद्धतींचे वर्णन प्रसिद्ध केले आणि पानांचे नमुने एडिंबरा विद्यापीठाकडे रवाना केले. त्याच वर्षी डेव्हिड हूपर यांनी पानांतून अल्कलॉइड वेगळा काढला. हूपर हे नाव भारतीय औषधिशास्त्राच्या अभ्यासकास अपरिचित नाही. मुंबईचे विल्यम डिमॉक व वॉर्डन यांच्यासह ‘फार्माकोग्राफिया इंडिका’ हा ग्रंथ सिद्ध करणारे ते हेच हूपर. मलायात त्या सुमारास अफू सोडवणाऱ्या वनस्पतींविषयी मोठीच खळबळ उडाली होती. काँब्रेटम जातीच्या एका वेलीच्या पानांचा काढा घेतला की अफूची तलफ जाते, अशी वार्ता पसरून तो काढा घेण्यासाठी लोकांची झुंबड उडे. ती लाट ओसरली आणि त्या वेलीत तसा कोणताही गुण निर्विवादपणे सिद्ध झाला नाही. क्रातोमची गोष्ट मात्र वेगळी निघाली. १९२१ मध्ये एडिंबरा येथील एलन फील्ड यांनी हा अल्कलॉइड पुन्हा शुद्ध स्वरूपात मिळवला आणि त्याला मित्रागायनीन असे नाव दिले.

या द्रव्याची मनुष्यावरील पहिली परीक्षा १९३२ मध्ये प्रसिद्ध झाली. के. एस. ग्रेवाल यांनी केंब्रिज येथे प्राण्यांवर व पाच पुरुषांवर मित्रागायनीनचे प्रयोग केले आणि त्याचा मज्जासंस्थेवरील परिणाम कोकेनसारखा उत्तेजक असल्याचे नमूद केले. अफूचा पर्याय म्हणून शंभर वर्षे ज्याची ख्याती, त्याचा प्रयोगशाळेतील पहिला दाखला कोकेनशी मिळावा, ही विसंगती लक्षणीय आहे. तिचा उलगडा पुष्कळ उशिरा झाला. थोड्या मात्रेत हे पान तरतरी आणते; मात्रा वाढली की वेदनाशमन, सुस्ती व गुंगी ही अफूवर्गीय लक्षणे पुढे येतात. रबराच्या झाडांना पहाटे खाचा पाडणारा दक्षिण थायलंडचा मजूर जे दोन-तीन पानांत शोधतो आणि व्यसनाने जर्जर झालेला अफूबाज जे मूठभर पानांत शोधतो, ते एकाच पानात असले तरी एकच नसते.

या मजुराचे चित्र जरा बारकाईने पाहणे अगत्याचे आहे, कारण पुढील सर्व मतभेदांत तेच विसरले गेले आहे. ताजे पान तोडून त्याच्या शिरा काढून टाकायच्या, उरलेला भाग तोंडात धरून चावायचा, त्याबरोबर बद्धकोष्ठ होऊ नये म्हणून चिमूटभर मीठ घ्यायचे आणि वर कोमट पाणी किंवा कॉफी प्यायची, अशी ही पद्धत. उन्हाचा ताप सहन व्हावा, दिवसभराचे कष्ट निभावे, भूक जाणवू नये हे त्याचे हेतू. आल्यागेल्यास पान पुढे करणे हा तेथील आदरातिथ्याचा भाग होता. आपल्याकडे ज्याप्रमाणे शेताच्या बांधावर चंची उघडली जाते, त्याच सहजतेने तेथे क्रातोमचे पान पुढे येई. शिवाय अतिसार, खोकला, अंगदुखी यांवर घरगुती औषध म्हणूनही त्याचा वापर होता. स्त्रियांत हे सेवन फार कमी. पुरुषांतही त्याला तारुण्यातील चैनीपेक्षा प्रौढ वयातील कष्टाची सवय असे स्वरूप होते.

या सवयीला किंमत नव्हती असे मात्र नाही. १९७५ मध्ये संगुन सुवनलर्ट या थायी मनोविकारतज्ज्ञाने तीस क्रातोम-सेवकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. वर्षानुवर्षे पान चघळणाऱ्यांत वजन घटणे, भूक मंदावणे, तोंड कोरडे पडणे, बद्धकोष्ठ आणि चेहऱ्याची त्वचा, विशेषतः गालांवरील, काळवंडणे ही लक्षणे त्यांना आढळली. पान मिळाले नाही तर नाकाडोळ्यांतून पाणी वाहणे, स्नायूंत दुखणे, हातपाय झटकणे व चिडखोरपणा हे विकार दिसत. काही थोड्या सेवकांत मतिभ्रमही नोंदवला गेला. तीस ही संख्या लहान आहे आणि मनोविकारतज्ज्ञाकडे येणारी माणसे संपूर्ण समाजाचे प्रतिनिधित्व करीत नाहीत. तरीही ग्रामीण सेवन पूर्णतः निरुपद्रवी असल्याची जी कल्पना अलीकडच्या समर्थक वाङ्मयात आढळते, तिला हा अभ्यास पुरेसे उत्तर आहे. मलेशियाच्या उत्तरेकडील राज्यांत २९३ नियमित सेवकांची पाहणी झाली व तिचे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांतील निम्म्याहून अधिक व्यक्तींत परावलंबन तीव्र स्वरूपाचे होते. अर्थात तीव्र परावलंबन असूनही कामधंदा व कुटुंब यांत विशेष बिघाड झाला नव्हता असे सेवकही मलेशियातील संशोधकांस पुष्कळ आढळले आहेत. दारूच्या वा हेरॉइनच्या व्यसनाशी तुलना करताना हा भेद डोळ्यांआड करून चालत नाही.

१९४३ च्या कायद्याने पान चघळणे थांबले नाही. परसातील झाड तोडले तरी ओढ्याकाठचे राहते, आणि तेही तोडले तर बीज पडून नवे उगवते. १९७९ च्या मादक द्रव्य कायद्यात क्रातोमला गांजासह पाचव्या वर्गात घालण्यात आले. त्यामुळे मूळचे महसुली कारण नाहीसे होऊनही बंदी तशीच राहिली, आणि आता तिला आरोग्यरक्षणाचा वेश मिळाला. कायद्याच्या इतिहासात हा प्रकार नवा नाही. हेतू बदलतो, कलम राहते, आणि पुढील पिढी त्या कलमासाठी नवा हेतू शोधते. थायलंडमध्ये या बंदीचा एक अनिष्ट परिणाम असाही झाला की, दक्षिणेकडील तरुणांत २००० नंतरच्या दशकात पानांचा काढा, कोलाचे पेय व खोकल्याचे औषध एकत्र करून पिण्याची रीत पसरली. ‘चार गुणिले शंभर’ या सांकेतिक नावाने ते मिश्रण ओळखले जाते. त्यात पुढे गुंगीच्या गोळ्या आणि इतर नाना पदार्थांची भर पडू लागली. आजोबांचे पान आणि नातवाचे हे पेय यांत नावापलीकडे फारसे साम्य उरले नाही.

बंदी उठवण्याची चर्चा थायलंडमध्ये २०१० नंतर सरकारी पातळीवर सुरू झाली. २०१८ च्या अखेरीस वैद्यकीय उपयोगास अनुमती देणारी दुरुस्ती संमत झाली आणि २४ ऑगस्ट २०२१ रोजी क्रातोम मादक द्रव्यांच्या यादीतून वगळण्यात आले. हजारो लोकांवरील खटले व शिक्षा त्याबरोबर निकालात निघाल्या. २०२२ मध्ये स्वतंत्र क्रातोम कायदा आला. त्यानुसार अठरा वर्षांखालील व्यक्ती, गर्भवती आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया यांना विक्री करण्यास मनाई आहे. म्हणजे अठ्ठ्याहत्तर वर्षांनी झाडाचा अपराध माफ झाला, आणि कोणास, कोठे, कोणत्या स्वरूपात विकावे हा प्रश्न प्रथमच योग्य जागी मांडला गेला.

परंतु तोपर्यंत क्रातोमच्या इतिहासाचे केंद्र दुसरीकडे सरकले होते. विसाव्या शतकाच्या अखेरीपासून वाळलेल्या पानांची पूड अमेरिकेत जाऊ लागली, आणि २०१० नंतर तिचा व्यापार झपाट्याने वाढला. तेथील सरकारी पाहणीच्या अंदाजाप्रमाणे २०२१ या एका वर्षात सतरा लाख लोकांनी तिचे सेवन केले. या वाढीचे कारण पुन्हा अफूच होय. वैद्यांनी सढळ हाताने दिलेल्या अफूवर्गीय वेदनाशामकांचे व्यसन लागलेल्या, आणि नंतर ती औषधे दुष्प्राप्य झालेल्या, असंख्य लोकांनी या पुडीचा आधार घेतला. १८३६ ची मलायातील नोंद आणि ही घटना यांत पावणेदोनशे-एकशेऐंशी वर्षांचे अंतर आहे. मनुष्याची गरज मात्र तीच आहे.

अमेरिकेत हा माल वनौषधी किंवा आहारपूरक पदार्थ म्हणून विकला जातो. १९९४ च्या आहारपूरक द्रव्यांविषयीच्या अमेरिकन कायद्यानुसार त्या वर्षाच्या ऑक्टोबरपूर्वी बाजारात नसलेले द्रव्य विकावयाचे असेल, तर त्याच्या निर्धोकपणाचा पुरावा अन्न व औषध प्रशासनापुढे आगाऊ ठेवावा लागतो. क्रातोमच्या बाबतीत तसा पुरावा मान्य झालेला नाही. म्हणून प्रशासनाच्या मते ही विक्री बेकायदा आहे. दुकाने मात्र चालू आहेत. ३१ ऑगस्ट २०१६ रोजी मित्रागायनीन व त्याचे एक अनुजात यांना सर्वांत कडक अशा पहिल्या अनुसूचीत घालण्याचा मनोदय अंमली द्रव्य प्रतिबंधक खात्याने प्रसिद्ध केला. त्याविरुद्ध एक लाख चाळीस हजारांहून अधिक सह्यांचा अर्ज सादर झाला, संशोधकांनी व लोकप्रतिनिधींनी आक्षेप घेतले आणि ऑक्टोबरमध्ये ही सूचना मागे घेण्यात आली. २०१९ मध्ये यूटा राज्याने बंदीऐवजी शुद्धता व वेष्टनावरील माहिती यांचे नियमन करणारा कायदा केला. पुढे इतर काही राज्यांनी त्याचे अनुकरण केले, तर काहींनी संपूर्ण बंदी घातली.

धोक्यांविषयी जे आकडे पुढे मांडले जातात त्यांचे वाचन सावधपणे करावे लागते. जुलै २०१६ ते डिसेंबर २०१७ या अवधीत अमेरिकेतील निवडक राज्यांत अतिमात्रेने झालेल्या २७,३३८ मृत्यूंच्या नोंदी तपासल्या गेल्या. १५२ व्यक्तींच्या शरीरात क्रातोमचा अंश सापडला आणि त्यांपैकी ९१ प्रकरणांत ते मृत्यूचे एक कारण म्हणून नोंदवले गेले. क्रातोमखेरीज दुसरे कोणतेही द्रव्य ज्यांत आढळले नाही अशी प्रकरणे अवघी सात होती, आणि त्यांतही इतर द्रव्यांची शक्यता पूर्णपणे नाकारता आलेली नाही. या आकड्यांवरून क्रातोम निरपराध ठरत नाही. ते एकटे क्वचित मारते आणि फेंटानिलसारख्या सोबत्याबरोबर पुष्कळदा सापडते, एवढेच ठरते. स्वीडनमध्ये २००९–१० च्या सुमारास ‘क्रिप्टन’ नावाच्या पुडीने नऊ जण दगावले, तेव्हा त्या पुडीत पानाशिवाय ट्रॅमाडॉल या वेदनाशामकाचे एक अनुजात मिसळलेले आढळले. २०१८ मध्ये अमेरिकेच्या ४१ राज्यांत १९९ लोकांना साल्मोनेला जंतूंची बाधा क्रातोमच्या मालातून झाली. काही मालात शिसे व निकेल हे धातूही सापडले. अशा घटनांत दोष झाडाचा किती आणि बिनतपासणीच्या व्यापाराचा किती, हा विवेक करावाच लागतो. त्याच वेळी यकृताचा विकार, झटके, इतर औषधांच्या शरीरातील विघटनास होणारा अडथळा, आणि सेवन करणाऱ्या मातांच्या नवजात अर्भकांत दिसलेली वियोगलक्षणे, यांच्या नोंदी व्यापाराच्या माथी मारता येत नाहीत. त्या पानाच्या रसायनातूनच उद्भवतात.

उपयोगाच्या बाजूने प्रयोगसिद्ध पुरावा आजही तुटपुंजा आहे. मलेशियात २६ पुरुषांवर झालेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या नियंत्रित प्रयोगात काढा घेतल्यावर वेदना सहन करण्याची शक्ती वाढल्याचे दिसले. अफूचे व्यसन सोडवण्याच्या कामी मात्र क्रातोमची अशी कसोटी लागलेली नाही, आणि नेमक्या त्याच कामासाठी ते सर्वाधिक घेतले जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञसमितीने २०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय नियंत्रणाच्या दृष्टीने प्राथमिक विचार केला. पुढील सविस्तर परीक्षणास पुरेसा आधार नसल्याचे सांगून तिने त्यावर केवळ लक्ष ठेवण्याची शिफारस केली.

या साऱ्याच्या मुळाशी असलेले रसायन आता पुष्कळ अंशी उलगडले आहे. पानात चाळिसांहून अधिक अल्कलॉइड असून त्यांत मित्रागायनीन प्रमुख आहे. मज्जापेशींवरील ज्या ग्राहींशी मॉर्फीन संलग्न होते, त्यांच्याशीच ते संलग्न होते, परंतु त्यांना अंशतःच चेतवते. मॉर्फीनच्या तुलनेने श्वसन मंदावण्याचा धोका कमी दिसतो, त्याचे कारण येथे असावे. १९९४ मध्ये थायलंडमधील पानांतून ७-हायड्रॉक्सिमित्रागायनीन हे दुसरे द्रव्य वेगळे करण्यात आले. गिनीपिगच्या आतड्यावरील प्रयोगांत ते मॉर्फीनहून सुमारे तेरापट प्रभावी ठरले. पानात त्याचे प्रमाण नगण्य असते. मित्रागायनीन पोटात गेल्यावर यकृतातही ते थोडेसे तयार होते, असे २०१९ मधील संशोधनाने दाखवले. चघळणाऱ्या मजुराच्या वाट्यास ते तेवढेच येई.

२०२३ नंतर अमेरिकेतील दुकानांत याच द्रव्याच्या गोळ्या व पेये स्वतंत्रपणे विकावयास आली. ते मित्रागायनीनपासून रासायनिक क्रियेने बनवलेले असते, आणि त्यावरचे नाव मात्र बहुधा पानाचेच राहिले. अफूपासून मॉर्फीन आणि मॉर्फीनपासून हेरॉइन हा जो मार्ग एकोणिसाव्या शतकात आक्रमिला गेला, त्याच्याशी हा मार्ग मिळताजुळता आहे. २९ जुलै २०२५ रोजी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ७-हायड्रॉक्सिमित्रागायनीनला नियंत्रित द्रव्यांच्या अनुसूचीत घालण्याची शिफारस केली. आपला रोख या संहत द्रव्यावर आहे, नैसर्गिक पानावर नाही, असे त्या वेळी प्रशासनाने मुद्दाम स्पष्ट केले. १९४३ च्या थायी कायद्याने जो भेद केला नव्हता, तो या शिफारशीत प्रथमच सरकारी शब्दांत नोंदवला गेला आहे.